ठसा, पालकांचा ग्रुप आणि बावीस वर्षांचा दादा

हे प्रकरण उन्हाळी निसर्ग शिबिरात इंटर्न म्हणून आलेल्या एका मुलाचं आणि त्याच्या गटाला वाटेवर दिसलेल्या बिबट्याच्या ठशाचं आहे. शिबिर मुलुंड पश्चिमेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर जिथे वस्तीला येऊन टेकतो तिथल्या एका खासगी आवारात होतं. संस्थेचं नाव देत नाही, मुलाचंही नाही. शिबिरात सगळे त्याला दादा म्हणत, इथेही तेच म्हणू. त्या वर्षी इंटर्नच्या कामावर देखरेख माझ्याकडे होती. या कामात नव्याने येणाऱ्यांशी बोलताना हा प्रसंग हमखास निघतो आणि दर वेळी त्यावरून वाद होतो, म्हणून तो एकदा सविस्तर लिहून काढते आहे.

दादा आणि त्याचं काम

दादा प्राणिशास्त्रात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होता, राहायला कळव्याला. नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून आपल्याकडे पदव्युत्तरच्या दुसऱ्या सत्रात ४ क्रेडिटची ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण, करावी लागते, त्यामुळे उन्हाळा आला की शिबिरवाल्यांकडे इंटर्नच्या अर्जांची रीघ लागते. मानधन म्हणाल तर लोकलचा पास निघेल इतकं. अर्ज करणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असतं: गळ्यात दुर्बीण आणि मागे पक्षी बघायला आसुसलेली मुलं. सकाळचे दोन तास ते खरंही असतं. तांबटाची टुकटुक चालू असते, पावशा ओरडत असतो, जाळ्यांवर करवंदं काळी पडलेली असतात. उरलेला दिवस मात्र वेगळा. पहाटे पाचला उठून बाटल्या भरायच्या. कोणाला शेंगदाणा चालत नाही, कोणाकडे दम्याचा पंप आहे, कोण रात्री अंथरूण ओलं करतं, ही यादी पाठ ठेवायची आणि शेवटची गोष्ट कोणाला कळू द्यायची नाही. बूट घालण्याआधी मुलांना ते उलटे करून झटकायला लावायचे, कारण विंचू दिवसा असल्याच अंधाऱ्या जागेत बसतो. मे महिन्यात मुंबईचा पारा तेहतीस-चौतीसच्या पुढे फारसा जात नाही, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. म्हणून नऊच्या आत मुलं सावलीत आणायची, हातात ताक किंवा पन्हं द्यायचं. आणि दिवसभर डोकी मोजायची. वळणावर, ओढ्यापाशी, पाणी प्यायला थांबल्यावर. दादा पहिल्या दिवशी म्हणाला होता, "ताई, मी इथे प्राणिशास्त्र शिकायला आलो की चौदापर्यंतचे आकडे?"

मुलं एकूण २८ होती, वयं नऊ ते बारा. मुलुंड, घाटकोपर, ठाणे, पवई इथली, शिवाय संस्थेच्या खर्चाने आलेली महापालिकेच्या शाळेतली काही. दोन गट पाडले होते. प्रत्येक गटाबरोबर दोन मोठी माणसं हवीत असा नियम होता. त्या सकाळी दादाच्या गटातल्या अनुभवी ताई तापाने फणफणलेल्या एका मुलाजवळ थांबल्या, आणि त्यांच्या जागी आवारातले मदतनीस मामा गेले. मामा जवळच्या पाड्यावरचे, पन्नाशीतले. कागदोपत्री त्यांची गणती माळी आणि राखणदार अशी होती. पुढे हा मुद्दा निघालाच.

जागेबद्दल थोडं

उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं, आणि तिन्ही बाजूंनी शहर. २०१८ च्या कॅमेरा ट्रॅपच्या (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) अभ्यासात उद्यान आणि आसपासच्या भागात मिळून ४७ बिबटे नोंदले गेले. ते उद्यानाच्या भिंती मानत नाहीत. रात्री कडेच्या वस्त्यांमध्ये येतात, आणि त्यांच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा असतो. मुलुंडच्या टेकडीलगतच्या सोसायट्यांना हे नवीन नाही, तिथल्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसतो आणि सकाळी दूधवाल्याच्या आधी त्याचा व्हिडिओ घरोघरी पोचलेला असतो.

भीतीलाही कारण आहे, हे आधीच सांगून ठेवते. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या आजूबाजूला बिबट्यांच्या हल्ल्यांत बरीच माणसं दगावली, २००४ चा जून तर फार वाईट गेला. त्या काळात इतर ठिकाणी पकडलेले बिबटे उद्यानात आणून सोडण्याची पद्धत होती. जुन्नर भागात काम करणाऱ्या बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांनी दाखवून दिलं, की बिबट्या पकडून नव्या जागी सोडला की तिथला संघर्ष कमी होण्याऐवजी वाढतो. त्यानंतर ही पद्धत मागे पडली, आणि २०११ पासून वनखातं, अभ्यासक आणि नागरिक मिळून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (एसजीएनपी म्हणजे हेच उद्यान) या नावाने वस्त्यांमधून जनजागृती करू लागले. तरी २०२२ च्या दिवाळीत आरे कॉलनीत बिबट्याच्या हल्ल्यात दीड वर्षाचंही नसलेलं बाळ गेलंच. पालकांनी या बातम्या वाचलेल्या असतात. त्यांच्यासमोर 'बिबट्या काही करत नाही' असं सरसकट बोलणारा निसर्गप्रेमी मला माहितीने अपुरा आणि जरा निर्दयही वाटतो.

सकाळी सहा-वीस

शिबिराची दुसरी सकाळ. स्वयंपाकघराच्या मागून एक पायवाट कोरड्या ओढ्याकडे उतरते. आदल्या संध्याकाळी पाण्याचा टँकर तिथे गळत उभा होता, त्यामुळे एरवी फुफाट्याने भरलेल्या वाटेवर हात-दीड हात रुंदीचा चिखल झाला होता आणि रात्रीतून तो वरून वाळून आत मऊ राहिला होता. पवईच्या एका मुलाने खाली बघितलं आणि ओरडला, "वाघ!"

दादाने सगळ्यात आधी हात आडवा धरून मागच्यांना थांबवलं आणि मुलं मोजली. चौदा. मग सगळ्यांना वाटेच्या एकाच अंगाला उभं केलं, ठसा तुडवला जाऊ नये म्हणून, आणि मामांकडे बघितलं. मामा ओढ्याच्या बाजूला तोंड करून जाऊन उभे राहिले. हे दोघांनी आधी ठरवलेलं नव्हतं.

मग तो उकिडवा बसला आणि वहीतली पंधरा सेंटीमीटरची पट्टी ठशाच्या शेजारी ठेवली. रुंदी सात सेंटीमीटरच्या थोडी वर. "नखं दिसतात का कोणाला?" कोणालाच दिसत नव्हती. चार हात अलीकडे कुत्र्याचे ठसे होते, त्यात प्रत्येक बोटापुढे नखाचं टोक रुतलेलं. दोन्ही शेजारी बघितल्यावर नऊ वर्षांच्या मुलालाही फरक कळला: कुत्र्याचा ठसा लांबट, मधली दोन बोटं पुढे आलेली, तळव्याची गादी लहान. दुसरा जवळजवळ गोल, गादी मोठी, आणि तिच्या मागच्या कडेला तीन उंचवटे. मांजराच्या जातीचा प्राणी चालताना नखं आत ओढून घेतो. रानमांजर म्हणावं तर ठसा फार मोठा. एका मुलीने विचारलं, "मग तो आत्ता कुठे आहे?" संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो दहा वर्षांच्या मुलीने विचारला.

दादाने तिला बोलावून ठशाच्या आत बघायला सांगितलं. गादीच्या खोलगटातून एक बारीक नक्षीदार रेघ आरपार गेली होती, दोन्ही बाजूंना टाचणीने टोचल्यासारखे ठिपके. कुठलातरी भुंगेरा त्यावरून चालत गेला होता. म्हणजे ठसा आधीचा, भुंगेरा नंतरचा. कडाही कोरड्या पडून भेगाळल्या होत्या. मामांनी मागे न बघताच सांगितलं, "रात्रीचा हाय. दोनच्या पुढं कुत्री लई भुकली, मंग एकदम गप झाली." ठसे ओढ्याकडून स्वयंपाकघराकडे आले होते. तिथून पुढे जमीन कोरडी होती, परतीची वाट कळायला मार्ग नव्हता.

त्यामुळे दादाने ओढ्याची फेरी तिथेच सोडली. आलेल्या वाटेने न जाता मोकळ्या मैदानावरून, लहान मुलं मधे, तो पुढे आणि मामा मागे, सगळ्यांनी मोठ्याने पाढे म्हणत, असे ते परत आले. धावायचं नाही, हे त्याने एकदाच सांगितलं. पाढ्यांची कल्पना त्याची. एरवी जंगलात गप्प बसा म्हणून आपणच मुलांच्या मागे लागतो. बिबट्याला माणसाचा आवाज आधी ऐकू गेलेला बरा.

तोवर घड्याळाने काम केलं होतं

शिबिरात फोन जमा करून घेतले होते. एका मुलाच्या मनगटावरचं घड्याळ कोणी बघितलं नव्हतं, त्यात सिमही होतं आणि कॅमेराही. मुलं मैदानात पोचेपर्यंत ठशाचा फोटो त्याच्या आईकडे आणि आईकडून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला होता. सातपर्यंत ग्रुपवर काय नव्हतं? ठशाचा फोटो, कुठल्याशा सोसायटीतला जुना व्हिडिओ, 'मुलांना लगेच खोलीत बंद करा', 'कोण आहे तिथे जबाबदार?', आणि एका आजोबांचं शुभ प्रभात.

कार्यालयाने पावणेआठला उत्तर टाकलं: 'शिबिरात कोणतीही अनुचित घटना घडलेली नाही. कृपया अफवांवर विश्वास ठेवू नये.' अशी वाक्यं तयार साच्यातून निघतात आणि म्हणूनच ती घात करतात. ज्या फोटोत ठशाशेजारी पट्टी ठेवलेली स्पष्ट दिसते त्याला अफवा म्हटलं, की पुढे तुम्ही जे काही बोलाल त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. झालंही तसंच. त्या उत्तरानंतर फोन दुपटीने वाजू लागले.

दादाने मुलांना नाश्त्याला बसवून वहीत एक मजकूर लिहिला आणि माझ्याकडे आणून दिला. जसाच्या तसा देते:

'आज सकाळी ६.२० ला स्वयंपाकघरामागच्या वाटेवर बिबट्याचा ठसा दिसला. तो रात्रीचा आहे. त्या वेळी सर्व मुले आत झोपली होती व दार बंद होते. आता गटातली १४ ही मुले आवारात आहेत आणि पोहे खात आहेत. ओढ्याकडे आज व उद्या कोणी जाणार नाही. वनखात्याला १९२६ वर कळवत आहोत. मुलांशी बोलायचे असल्यास ९ नंतर फोन करावा.'

वनखात्याच्या 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइनला मी फोन केला आणि मग हाच मजकूर, 'कळवत आहोत'चं 'कळवलं आहे' करून, माझ्या नंबरवरून ग्रुपवर टाकला. कार्यालयाला ते आवडलं नाही. 'बिबट्या' हा शब्द आपणहून लिहायची काय गरज होती, असं मला विचारण्यात आलं. गरज होती असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. आणि त्या मजकुरातला सगळ्यात कामाचा शब्द 'पोहे' आहे, असं माझं मत. आईला आपलं मूल आत्ता काय करतंय हे कळलं, की तिचा जीव भांड्यात पडतो.

रडणारी मुलगी

घाटकोपरची एक मुलगी मैदानात पोचल्यावर रडायला लागली होती. घरी जायचं म्हणत होती. इंटर्न इथे हमखास एक गोष्ट करतात: मिठी मारून, पाठ थोपटून 'काही होणार नाही, दादा आहे ना' म्हणतात. मायेने म्हणतात, आणि मूल गप्पही होतं, पण त्याला कशाची भीती वाटत होती ते विचारायचं राहून जातं.

दादा तिच्या शेजारी पायरीवर बसला. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "नक्की कशाची भीती वाटते, सांगशील? मला खरंच माहीत नाही."

ती म्हणाली, "रात्री टॉयलेटला जाताना."

मुलांच्या झोपायच्या खोलीपासून स्वच्छतागृह बाहेर होतं, पन्नासेक पावलांवर, मधे करवंदाची जाळी आणि एक दिवा, तोही मिणमिणता. शिबिराआधी जागेची पाहणी झाली होती. अग्निशमन नळकांडं, प्रथमोपचार पेटी, सर्पदंशासाठी जवळचं रुग्णालय, सगळ्यावर बरोबरच्या खुणा होत्या. मुलीच्या उंचीवरून, रात्री दोन वाजता, एकटीने ही पन्नास पावलं कोणी चालून बघितली नव्हती. बिबट्याच्या भागात वस्त्यांना जे सांगितलं जातं त्यातल्या पहिल्याच गोष्टी या: अंधारात लहान मूल एकटं बाहेर सोडू नका, वाटेवर उजेड ठेवा, शौचाला उघड्यावर बसू नका. बसलेली, वाकलेली लहान आकृती बिबट्याला भक्ष्यासारखी वाटू शकते. म्हणजे त्या मुलीची भीती, शब्दशः बघितली तर, आमच्या पाहणीपेक्षा अचूक होती.

दादाने तिला वही दिली. रात्री कोणाला जायचं असेल तर काय करायचं, तूच लिही म्हणाला. तिने लिहिलं: आधी घंटा वाजवायची, एक मोठं माणूस उठेल, तीन जणांनी मिळून जायचं, दोन टॉर्च. मग मोठ्या माणसांची नावं रात्रीच्या वेळांप्रमाणे लिहायला घेतली. बाराच्या पाळीला तिने माझं नाव टाकलं, न विचारता.

काका आले

साडेनऊला त्या मुलीचे वडील आले. संतापलेले नव्हते, घाबरलेले होते, आणि दोन्हींत बोलायची पद्धत वेगळी असते. त्यांनी दादाला विचारलं, "तू काय शिकतोस?"

"एम.एस्सी. पहिलं वर्ष, काका."

"म्हणजे तूच विद्यार्थी. आणि तुझ्या भरवशावर चौदा मुलं जंगलात?"

दादा म्हणाला, "बरोबर मामा होते."

"मामा म्हणजे कोण? कुठल्या संस्थेचे? काय शिकलेत?"

इथे मी मधे पडले. या प्रश्नाला उत्तर द्यायची जबाबदारी इंटर्नची नव्हती, माझी होती. मी त्यांना सांगितलं, की नियमाप्रमाणे दोन मोठी माणसं होती, आणि त्या सकाळी ओढ्याकडे तोंड करून उभं राहणारा माणूस मला दादाइतकाच हवा होता. ते ऐकून घेतलं, पटलं नाही. मुलीला घेऊन जातो म्हणाले. मी थांबवलं नाही. ती गेली, यादी अर्धी ठेवून. आणखी दोघांना त्यांचे पालक न्यायला आले. यादी महापालिकेच्या शाळेतल्या एका मुलाने पुरी केली, अक्षर तिच्यापेक्षा बरं होतं.

त्या वडिलांचा प्रश्न मला रास्त वाटतो. शिबिरांची जाहिरात 'तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली' अशी होते आणि प्रत्यक्षात मुलांच्या सगळ्यात जवळ असतो तो बावीस वर्षांचा, जवळजवळ फुकट राबणारा मुलगा. हे चित्र बदलायचं तर इंटर्न काढून टाकून भागणार नाही. अनुभवी माणूस गटातून निघाला की फेरी रद्द, असा साधा नियम पुरतो. तो तेव्हा नव्हता. आणि मामांसारख्या माणसाला रजिस्टरमध्ये माळी लिहून वापरायचं जाणत्या वाटाड्यासारखं, हेही थांबलं पाहिजे. त्या सकाळचा त्यांचा मोबदला झाडांना पाणी घालण्याचाच होता.

कुत्री कशासाठी येतात

दुपारच्या सत्रात फुलपाखरांचे जीवनक्रम होते. दादाने ते बाजूला ठेवले आणि मुलांना आवाराचा नकाशा काढायला लावला: ठसा कुठे, कुत्री कुठे झोपतात, खरकटं कुठे पडतं. मुलांनी उन्हं उतरल्यावर मामांना आणि स्वयंपाकाच्या मावशींना बरोबर घेऊन भिंतीच्या आतल्या आत फिरून बघितलं. आवारात सहा कुत्री होती. त्यातली चार स्वयंपाकघरामागच्या उघड्या बादलीच्या दहा पावलांच्या आत झोपत. ठशांची रांग नकाशावर ओढली, तर ती सरळ त्या बादलीकडे जात होती.

आता हे सगळं इतकं सोपं बसल्यावर मुलांनी निकाल लावला, की बादली हलवा आणि कुत्री हाकला. तिथे मावशी पदर खोचून उभ्या राहिल्या. "पोरांनो, उरलेली भाकरी मी कुत्र्याला नको घालू, तर टाकून देऊ?" कार्यालयातले एक गृहस्थही रोज संध्याकाळी कुत्र्यांना बिस्किटं घालत, ते दुखावले. मुलांचं दोन तट पडून भांडण झालं. एका मुलीचं म्हणणं, बिबट्या कुत्रं खातो म्हणून आपण कुत्र्याला उपाशी ठेवायचं हा अन्याय आहे. दुसऱ्याचं म्हणणं, कुत्र्याला इथे जेवायला बोलावणं म्हणजे त्यालाच मारायला बोलावणं. दादाने निवाडा केला नाही. शेवटी मावशींनीच तोड काढली: कुत्र्यांना सकाळी उजेडात घालायचं, फाटकाबाहेर, आणि खरकटं झाकणाच्या पिंपात, रात्री आत. बिस्किटवाल्या गृहस्थांनी संध्याकाळची सवय सोडली की नाही, याची मला खात्री नाही.

निसर्ग शिक्षणात अन्नसाखळी शिकवायला आपण रंगीत तक्ता लावतो: गवत, ससा, कोल्हा, वाघ. त्या दुपारी मुलांनी जी साखळी काढली तिच्यात पहिल्या जागी शिबिरातल्या पोरांनी ताटात टाकलेली भाजी होती. ती मुलांनीच टाकलेली असल्यामुळे रात्रीच्या जेवणात ताटं जरा स्वच्छ झाली. भोपळ्याची भाजी होती, हे लक्षात घ्या.

रात्रीची फेरी रद्द केली. त्याऐवजी गच्चीत पांढरी चादर टांगून तिच्यामागे दिवा लावला आणि त्यावर येणारे पतंग मोजत बसलो. साडेदहाला कुत्री भुंकायला लागली, तेव्हा पंचवीसच्या पंचवीस मुलं एकदम गप्प झाली. आम्हीही झालो. दादा त्या रात्री अंथरूण घेऊन खोलीच्या दाराशी झोपला. घंटा दोनदा वाजली.

वाद कशावरून होतो

इंटर्नच्या प्रशिक्षणात हे प्रकरण ठेवलं, की कोणीतरी म्हणतंच, "मी असतो तर ठसा पायाने पुसून टाकला असता." हे हसण्यावारी नेऊ नये. अनुभवी माणसंही असं करतात, मी बघितलेलं आहे. मुलांनी बघायच्या आत वाट झाडली की सकाळ सुरळीत जाते, पालकांचा ग्रुप शांत राहतो, तिघं घरी जात नाहीत. हिशोब मांडला तर फायदा उघड आहे. पण त्या सकाळी ठसा पुसला असता, तर संध्याकाळी गट ठरल्याप्रमाणे रात्रीच्या फेरीला त्याच ओढ्यात उतरला असता. पुसणाऱ्याला एकट्यालाच माहिती, आणि पुसल्यावर तो ती दुसऱ्या कोणाला सांगणार कशी?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एक मानसशास्त्राची विद्यार्थिनी म्हणाली, की ठशापाशी पट्टी काढून मोजमाप करत बसणं म्हणजे मुलांना धोक्याच्या जागी जास्त वेळ थांबवणं. आधी हलवायला हवं होतं, शिकवणं नंतर. मला यात तथ्य वाटतं. दादाच्या बाजूने इतकंच सांगता येईल, की ठसा जुना आहे की ताजा हे कळल्याशिवाय कुठल्या दिशेला हलायचं हे त्याला ठरवता येत नव्हतं, आणि ते कळायला जवळून बघणं भाग होतं. दोन-तीन मिनिटांत ते कळलं. त्यानंतर कुत्र्याच्या ठशाशी तुलना चालली, ती मैदानात फोटोवरून करता आली असती. हे दादाला मी सांगितलं, तर म्हणाला, "फोटो काढायला फोन कुठे होता, ताई? घड्याळवाल्याला विचारायला हवं होतं." फोन गटातल्या मोठ्या माणसाकडे असायला हवा, ही नोंद तेव्हापासून यादीत आहे.

दादाच्या ओजेटीच्या अहवालात नकाशा, पिंप आणि घंटा हे तिन्ही आले. ठशाच्या मोजमापाचं कोष्टक त्याने फार हौसेने केलं होतं. मी त्याला टॉयलेटचा भाग पुढे घ्यायला सांगितलं. त्याने घेतला नाही, प्राणिशास्त्राच्या विभागात ते शोभणार नाही म्हणाला.

संस्थेने नंतरच्या वर्षी पालकांच्या संमतीपत्रात एक ओळ घातली: 'शिबिराच्या परिसरात बिबट्याचा वावर आहे.' खाली रात्रीचे नियम, त्या मुलीच्या यादीतलेच, थोडी भाषा सरकारी करून. ती ओळ वाचून काही पालक नाव मागे घेतात आणि कार्यालय दर वर्षी ती काढायचा विषय आणतं. अजून तरी ती आहे.

घड्याळांचं मात्र काही ठरत नाही. फोनबरोबर तीही जमा करा, असं बहुतेकांचं म्हणणं. माझा त्याला विरोध आहे. त्या सकाळी घड्याळ नसतं, तर पालकांना ठशाबद्दल कळलं असतं ते कार्यालयाच्या सोयीने, आणि कार्यालयाचा सूर काय होता ते वर दिलंच आहे. सध्या तोडगा असा, की घड्याळ मुलाकडे राहतं, सिम पालकांनी घरी काढून ठेवायचं. सगळे पालक काढत नाहीत.